खेळाडू कोण आणि पट कोण?

बुद्धिबळाच्या पटावर पांढरे आणि काळे असे दोन पक्ष असतात. ते कोणाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. दोघांचे बळ सारखे, चाली सारख्या आणि ध्येयही एकच. परंतु पटावर रोम, कार्थेज, मॅसिडोनिया, इजिप्त अशी नावे आली आणि डाव इ. स. पू. तिसऱ्या शतकात सुरू होतो असे सांगितले गेले की, तो निव्वळ खेळ राहत नाही. कोणाच्या बाजूने खेळता येईल आणि कोणाच्या बाजूने येणार नाही, हे ठरविताना खेळाचा निर्माता इतिहासासंबंधी एक निवाडा देत असतो. प्राचीन जगात कोणाला स्वतःची इच्छा होती, हेतू होते, चुकण्याची आणि सावरण्याची संधी होती, आणि कोण केवळ जिंकले जाण्यासाठी नकाशावर होते, असा हा निवाडा असतो. निर्माता अर्थातच न्यायासनावर बसल्याचा आव आणीत नाही. खेळाच्या पहिल्या पडद्यावर तो काही ध्वजचिन्हे मांडतो आणि त्यांतून एक निवडावयास सांगतो, एवढेच. पण त्या ओळीत जे नाही, ते खेळणाऱ्याच्या मनातील इतिहासातही बहुधा शिरत नाही.

ही बाब पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आजच्या अनेक विद्यार्थ्यांची हॅनिबलशी किंवा हिटाइट लोकांशी पहिली ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही. ती संगणकाच्या पडद्यावर होते. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा अमेरिकेत तयार झालेला खेळ १९९७ साली बाजारात आला आणि पुढे महाराष्ट्रातील सायबर कॅफेंतूनही तो मन लावून खेळला गेला. त्यात निवडीसाठी बारा संस्कृती होत्या. सुमेर, बॅबिलोन, ॲसिरिया, इजिप्त, ग्रीस, पर्शिया, हिटाइट, मिनोअन आणि फिनिशियन यांच्या जोडीला चीनचे शांग, जपानचे यामातो आणि कोरियाचे चोसन होते. सिंधू संस्कृतीला मात्र जागा नव्हती. मेसोपोटेमियातील मृत्तिकापट्टांत ‘मेलुहा’ नावाच्या एका दूरच्या देशाशी चाललेल्या व्यापाराचे उल्लेख आहेत, आणि तो देश म्हणजे सिंधूचे खोरे असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे जो देश सुमेरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होता, तो त्याच सुमेरच्या बाजूने खेळणाऱ्या विद्यार्थ्याला दिसत नव्हता. हा अपमान झाला म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. बारा नावे निवडताना कोणती मोजपट्टी लावली गेली, हा खरा प्रश्न आहे.

मर्यादा खऱ्या आहेत

प्रथम निर्मात्यांची बाजू समजून घेतली पाहिजे. एक पक्ष वाढवावयाचा म्हणजे यादीत एक नाव वाढवावयाचे, असे नसते. त्या पक्षाच्या सैनिकांचे वेश, शस्त्रे, इमारती, नगरे, सेनापतींची नावे, लढण्याची रीत हे सारे नव्याने उभे करावे लागते. जुन्या काळी तर मर्यादा टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची होती. फ्रान्सिस ट्रेशॅम या इंग्रज रचनाकाराचा ‘सिव्हिलिझेशन’ हा पटावरचा खेळ १९८० साली प्रसिद्ध झाला. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन जगावरील त्या खेळात एका वेळी सातच जण बसू शकत. संगणक आल्यावर खुर्च्या वाढल्या, पण अमर्याद झाल्या नाहीत.

‘रोम : टोटल वॉर’ हा ब्रिटनमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या संस्थेचा २००४ सालचा खेळ याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याच्या यंत्रणेत एकवीस जागा होत्या. त्यांपैकी वीस जागा नावाच्या पक्षांना दिल्या गेल्या आणि एकविसाव्या जागेत उरलेले सारे जग कोंबले गेले. या वीसांतील चार जागा एकट्या रोमने घेतल्या: ज्युलियस, ब्रूटस आणि स्किपिओ यांच्या नावांवरून कल्पिलेली तीन घराणी आणि चौथी सिनेट. वस्तुतः खेळ सुरू होतो त्या इ. स. पू. २७० मध्ये रोम हे एकच प्रजासत्ताक होते. आपापले प्रांत आणि आपापली सैन्ये बाळगणारी तीन घराणी तेथे नव्हती. खेळणाऱ्याला आरंभी याच तीन घराण्यांतून निवड करावी लागे. कार्थेज, गॉल, इजिप्त, पार्थिया आदी आठ पक्ष त्यांचा पराभव केल्यावर किंवा एक मोहीम जिंकल्यावर खुले होत. ज्याला प्रथम पाडावयाचे, त्याच्याच बाजूने मग खेळावयाचे, असा हा क्रम होता. आणि उरलेले आठ कधीच खुले होत नसत. मॅसिडोनिया, न्युमिडिया, पाँटस, आर्मेनिया, डेशिया, थ्रेस, सिथिया आणि स्पेन ही त्यांची नावे.

ही नावे सामान्य नव्हेत. पाँटसच्या सहाव्या मिथ्रिडेटिसने इ. स. पू. ८८ ते ६३ या काळात रोमशी तीन युद्धे केली. इ. स. पू. २०२ मध्ये झामाच्या रणांगणावर हॅनिबलचा पराभव झाला, त्यात न्युमिडियाच्या मॅसिनिसाचे घोडदळ निर्णायक ठरले. ज्यांनी प्रत्यक्ष इतिहासात डाव उलटविला, त्यांना खेळात डाव खेळण्याची मुभा नव्हती. गंमत अशी की, हा निषेध एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेला होता. तीत खेळता येणारे आणि न येणारे यांच्या वेगवेगळ्या याद्या होत्या, आणि एका यादीतील नाव उचलून दुसरीत टाकले की मॅसिडोनिया खेळता येई. असंख्य खेळाडूंनी तसे केलेही. त्या नावांच्या आड यंत्राची असमर्थता आली नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते. तो निर्णय माणसांनी घेतलेला होता.

बाजाराचेही स्वतःचे तर्कशास्त्र असते. याच मालिकेतील दुसरा रोमविषयक खेळ २०१३ साली आला, तेव्हा त्यात रोम, कार्थेज, मॅसिडोनिया, इजिप्त, पार्थिया, आइसेनाय, आर्व्हर्नी आणि स्वेबी हे आठ पक्ष होते. अथेन्स, स्पार्टा आणि एपायरस यांचा स्वतंत्र संच करण्यात आला. आगाऊ मागणी नोंदविणाऱ्यांना तो बक्षीस मिळाला, इतरांना विकत घ्यावा लागला. अलेक्झांडरच्या वारसांच्या राज्यांत विस्ताराने सर्वांत मोठे असलेले सेल्युकिड साम्राज्य आरंभी निवडताच येत नव्हते. ते नंतर विनामूल्य जोडले गेले. कुश, सबा आणि नबातिया यांची पाळी २०१८ साली आली, तीही वेगळ्या किमतीत. ओळखीचे नाव आधी खपते, हे व्यापाराचे सत्य आहे आणि त्याबद्दल व्यापाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र खपाच्या क्रमाला इतिहासातील महत्त्वाचा क्रम समजण्याची चूक वाचक-विद्यार्थ्याने करू नये.

नाव कोणी दिलेले?

जागा मिळणे हा पहिला प्रश्न, तर ती कोणत्या नावाने मिळते हा दुसरा. २००४ च्या खेळातील ‘गॉल’, ‘जर्मेनिया’, ‘ब्रिटानिया’ आणि ‘स्पेन’ हे पक्ष म्हणजे राज्ये नव्हेत. रोमच्या बाजूने पाहणाऱ्याला सीमेपलीकडचा जो मुलूख दिसे, त्याची ती नावे आहेत. त्या मुलुखातील सर्व माणसे एका झेंड्याखाली, एका खजिन्यावर आणि एका सेनापतीच्या हुकुमाखाली लढत होती, असे चित्र त्यातून उभे राहते. गॉलमध्ये एदुई आणि आर्व्हर्नी या जमातींत वर्चस्वासाठी दीर्घ झगडा चालला होता, हे खुद्द सीझरने नोंदविले आहे. एदुई हे रोमचे मित्र म्हणवून घेत. इ. स. पू. ५२ मध्ये आर्व्हर्नी जमातीच्या व्हर्सिंजेटोरिक्सने गॉलमधील बहुसंख्य जमाती एकत्र आणल्या, तेव्हा एदुई त्याला उशिराने मिळाले. ही एकजूट इतकी दुर्मिळ होती म्हणूनच ती स्मरणात राहिली. ज्या खेळात गॉल पहिल्या दिवसापासून एकच आहे, त्यात व्हर्सिंजेटोरिक्सने नेमके काय साधले, हे कधीच कळणार नाही.

इजिप्तची कथा याहून विलक्षण आहे. इ. स. पू. २७० मधील इजिप्तवर टॉलेमी घराण्याचे राज्य होते. राजघराणे मॅसिडोनियन, दरबारची भाषा ग्रीक आणि सैन्याचा कणा लांब भाल्यांच्या मॅसिडोनियन व्यूहाचा. खेळाने मात्र हजार वर्षे मागे जाऊन फॅरोंच्या काळातील वेश आणि रथ त्या सैन्याला चढविले, कारण ‘इजिप्त’ म्हटल्यावर ग्राहकाच्या डोळ्यांसमोर तेच येते. प्रत्यक्षात इ. स. पू. २१७ च्या राफियाच्या लढाईसाठी चौथ्या टॉलेमीने वीस हजार देशी इजिप्शियनांना व्यूहात उभे केले. शस्त्र हाती आलेल्या त्या प्रजेचा आत्मविश्वास वाढला आणि पुढे बंडाळी माजली, असे पॉलिबियस सांगतो. इ. स. पू. २०५ च्या सुमारास दक्षिणेत थीब्ज येथे देशी राजांनी फॅरोपद धारण केले आणि सुमारे दोन दशके ते टिकविले. इ. स. पू. १९६ च्या प्रसिद्ध रोझेटा शिलालेखात अशाच बंडखोरांच्या पारिपत्याचा गौरव आहे. तेव्हा ‘इजिप्त’ या पक्षाच्या बाजूने खेळणारा विद्यार्थी कोणाच्या बाजूने खेळतो? पोशाख देशी फॅरोंचा, राज्य परकी टॉलेमींचे. आणि खरे देशी फॅरो अवतरले असते, तर खेळाच्या नियमांनुसार ते ‘बंडखोर’ ठरले असते.

बंडखोर की स्वतंत्र?

त्या एकविसाव्या जागेचे नावच मुळी ‘बंडखोर’ असे होते. ज्यांना कोणत्याही पक्षात बसविता आले नाही, अशी सर्व स्वतंत्र नगरे आणि सर्व स्वतंत्र जमाती या एका शब्दाखाली जमा केल्या गेल्या. ज्याने कोणाचे आधिपत्य कधी मान्यच केले नाही, तो बंड कोणाविरुद्ध करणार? मराठी वाचकाला या शब्दातील मेख उलगडून सांगावयास नको. १८५७ च्या घटनेला ‘शिपायांचे बंड’ म्हणावे की ‘स्वातंत्र्ययुद्ध’, यावर या देशात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला आहे. आणि तो वाद शब्दांचा नव्हता, त्या घटनेत कर्तेपण कोणाचे हा होता.

याला एक चांगले उत्तर हौशी अभ्यासकांनी दिले. ‘युरोपा बार्बारोरम’ या नावाने काही स्वयंसेवकांनी २००४ च्या त्याच खेळाची पुनर्रचना केली. यंत्रणा तीच, जागाही तेवढ्याच. परंतु रोमच्या चार जागा त्यांनी एकीवर आणल्या. गॉलचे एदुई आणि आर्व्हर्नी असे दोन पक्ष केले. अरबस्तानातील सबा, मध्य आशियातील बॅक्ट्रिया आणि शक यांना जागा दिली. पक्षांची नावे शक्य तेथे त्या त्या लोकांच्या भाषेतील ठेवली. आणि ‘बंडखोर’ हा शब्द काढून तेथे ‘एलेउथेरोई’ हा ग्रीक शब्द घातला. त्याचा अर्थ ‘स्वतंत्र लोक’. एका शब्दाने नकाशावरील निम्म्या जगाची प्रतिष्ठा पालटली. या मंडळींचीही प्रत्येक निवड निर्दोष होती असे नव्हे. वीस जागांच्या त्यांच्या यादीत न्युमिडियाला स्थान मिळाले नाही. अधिक जागा असलेल्या यंत्रणेवर उभारलेल्या पुढच्या आवृत्तीत त्यांनी तक्षशिलेलाही पक्षाचा मान दिला, आणि मौर्यांच्या भरभराटीच्या काळात तक्षशिलेला स्वतंत्र पक्ष मानावे काय, असा वाद त्यावर घालता येतो. पण असा वाद घालता येतो, हेच त्या कामाचे मोल आहे. त्यांनी निवड केली आणि निवडीची कारणे दिली.

डाव कोणत्या वर्षी सुरू होतो?

पक्षांची निवड आरंभवर्षाशी बांधलेली असते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. रोमला घाम फोडणारा एपायरसचा राजा पिऱ्हस इ. स. पू. २७२ मध्ये आर्गोस येथे मारला गेला. ‘युरोपा बार्बारोरम’चा डाव त्याच वर्षी सुरू होतो, म्हणून त्यात एपायरस आहे आणि पिऱ्हस जिवंत आहे. मूळ खेळ दोन वर्षांनंतर सुरू होतो आणि त्यात एपायरसला पक्ष म्हणून स्थान नाही. ‘इम्पेरेटर : रोम’ हा २०१९ सालचा स्वीडिश खेळ इ. स. पू. ३०४ मध्ये सुरू होतो. म्हणून त्यात अँटिगोनस हा एकाक्ष सेनापती बलाढ्य राजा आहे. तीनच वर्षांनी, इ. स. पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत तो पडला आणि त्याचे राज्य इतरांनी वाटून घेतले. डाव त्यानंतर सुरू केला असता, तर तो प्रचंड पक्ष यादीत दिसलाच नसता.

उलट बाजूने, पुढे मोठे झालेल्यांना आधीच खुर्ची देण्याचा मोह होतो. पार्थियाच्या अर्सासिड राजांची कालगणना इ. स. पू. २४७ पासून सुरू होते. इ. स. पू. २७० मध्ये पार्थिया हा सेल्युकिड साम्राज्याचा एक प्रांत होता. तरीही तो खेळात स्वतंत्र पक्ष आहे, कारण पुढे त्याने रोमला जेरीस आणले हे निर्मात्याला ठाऊक आहे. अशाने विद्यार्थ्याच्या मनात एक सूक्ष्म चूक रुजते: जे घडले ते घडणारच होते आणि जे जिंकले ते आरंभापासूनच मोठे होते. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाला याच समजुतीशी आयुष्यभर झगडावे लागते.

पाटलिपुत्राहून दिसणारे जग

प्राचीन जगातील पक्षांची एक यादी त्याच काळातील एका राजाने करून ठेवली आहे, आणि ती दगडावर कोरलेली आहे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात, इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, पश्चिमेकडील पाच यवन राजांची नावे येतात. अंतियोक म्हणजे सेल्युकिड अँटायोकस, तुरमाय म्हणजे इजिप्तचा टॉलेमी, अंतेकिन म्हणजे मॅसिडोनियाचा अँटिगोनस, मग म्हणजे सायरीनीचा मॅगस आणि अलिकसुंदर म्हणजे एपायरसचा किंवा कॉरिंथचा अलेक्झांडर. दक्षिणेस चोळ, पांड्य आणि ताम्रपर्णी येतात. त्यानंतर राज्याच्या आतील यवन, कंबोज, भोज, पितिनिक, आंध्र, पुलिंद अशा लोकांची नावे येतात. अरण्यवासी जमातींचाही उल्लेख आहे आणि त्यांना दिलेला इशाराही आहे. म्हणजे बाहेरचे स्वतंत्र राजे, आतील आपापली ओळख राखून असलेले लोक आणि राजसत्तेच्या कक्षेत पुरते न आलेले वनवासी, असा विवेक या यादीत आहे. ‘बंडखोर’ या एका शब्दात जग कोंबणाऱ्या खेळापेक्षा ही यादी निश्चितच अधिक जाणती आहे.

आणि त्या यादीत रोम नाही. कार्थेजही नाही. त्या सुमारास ही दोन राष्ट्रे सिसिलीसाठी पहिल्या प्युनिक युद्धात एकमेकांचे रक्त सांडीत होती, इ. स. पू. २६४ ते २४१ हा त्या युद्धाचा काळ. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागाचे भवितव्य तेथे ठरत होते, परंतु पाटलिपुत्राच्या दृष्टीने त्या युद्धाला नाव नव्हते. रोमवरील खेळात नकाशा सिंधूच्या अलीकडे संपला म्हणून रागावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, अशोकाचा नकाशा सिसिलीच्या अलीकडे संपत होता. प्रत्येक यादी कुठल्यातरी गावातून केलेली असते. ते गाव कोणते, हे सांगितले म्हणजे यादी प्रामाणिक होते. ते लपवून ‘हेच प्राचीन जग’ असे म्हटले की ती खोटी होते. याच राजाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे मुंबईजवळ सोपारा येथे सापडलेले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचे ते बंदरही त्या जगाचा भाग होते, याची ही दगडी साक्ष आहे.

सर्वांनाच खेळाडू करावे काय?

यावर सोपा उपाय सुचतो तो असा की, सर्वांनाच खेळाडू करावे. ‘इम्पेरेटर : रोम’ने तेच केले. त्याचा नकाशा भारतापर्यंत पसरला, मौर्य साम्राज्य त्यात आले आणि शेकडो लहानमोठी राज्ये व जमाती निवडीसाठी खुल्या झाल्या. हे औदार्य स्वागतार्ह असले, तरी त्यालाही दुसरी बाजू आहे. शेकडो पक्षांना जवळजवळ सारखेच नियम लावले की, नाव आणि रंग यांपलीकडे त्यांच्यात फारसे अंतर उरत नाही. आल्प्सच्या कुशीतील जमात आणि गंगेकाठचे साम्राज्य यांनी एकाच साच्यात राज्य करावे, ही समता नव्हे. तो एक प्रकारचा आळस आहे. समान जागा देणे आणि समान समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुराव्याची अडचणही खरी आहे. कार्थेजचे ग्रंथभांडार नष्ट झाले. मॅगोचा शेतीवरील अठ्ठावीस खंडांचा ग्रंथ रोमच्या सिनेटने भाषांतरित करवून घेतला, तोही आज अवतरणांपुरता उरला आहे. कार्थेजविषयी जे कळते, ते बहुतांशी त्याच्या शत्रूंकडून. इजिप्तच्या दक्षिणेकडील कुशची मेरोइटिक लिपी वाचता येते, परंतु भाषा अजून पुरती उलगडलेली नाही. तथापि पुरावा तुटपुंजा आहे म्हणून पक्ष गाळावा, असे म्हटले तर विजेत्यांखेरीज कोणीच उरणार नाही. इ. स. पू. २५ च्या सुमारास कुशच्या सैन्याने इजिप्तच्या दक्षिण सीमेवरील रोमन ठाण्यांवर हल्ला केला आणि सम्राट ऑगस्टसचे पुतळे पाडले, असे स्ट्रेबो लिहितो. रोमन सैन्याने प्रतिहल्ला केला, पण शेवटी तह झाला आणि ऑगस्टसने खंडणी माफ केली. १९१० साली मेरोई येथील उत्खननात ऑगस्टसचे एक ब्राँझचे मस्तक सापडले. ते एका देवालयाच्या पायऱ्यांखाली पुरलेले होते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल त्यावरून पडावे. भाषा कळत नसतानाही त्या मस्तकाच्या जागेवरून कुशचे मनोगत कळते. ज्याला असे मनोगत होते, तो निश्चितच पट नव्हता.

अभिमानाची जागा आणि पुराव्याची जागा

मराठी खेळाडूंना अशा खेळांत सातवाहन असावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा गैर नाही. मात्र तिलाही तीच कसोटी लावली पाहिजे. इ. स. पू. २७२ किंवा २७० मध्ये सुरू होणाऱ्या डावात सातवाहनांची सत्ता दाखविणे हे पार्थियाच्या बाबतीत झालेल्या चुकीची पुनरावृत्ती होईल. अशोकाचा लेख आंध्रांचे नाव घेतो, पण ते आपल्या राज्याच्या आतील लोक म्हणून. डाव इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात सुरू झाला, तर मात्र सातवाहनांना गाळणे अक्षम्य ठरेल. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची. परंतु त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठविलेला होता. दोन पक्ष, एक मुलूख आणि एकाच नाण्यावर दोघांच्या खुणा, असा पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. तेथे सातवाहनांइतकीच नहपानालाही खेळाडूची जागा दिली पाहिजे, हेही ओघानेच आले. आपल्या आवडीच्या पक्षाला जागा मागताना त्याच्या शत्रूलाही ती मागण्याची तयारी नसेल, तर ती मागणी इतिहासाची राहत नाही.

तेव्हा निवडीच्या कसोट्या कोणत्या असाव्यात? पहिली ही की, डाव सुरू होतो त्या वर्षी तो पक्ष स्वतःच्या निर्णयाने युद्ध, तह आणि करार करीत होता काय. विस्तार किती होता हे दुय्यम आहे. इ. स. पू. ३०५ ते ३०४ मधील डेमेट्रियसचा प्रचंड वेढा ऱ्होड्ससारख्या एका बेटाने परतविला. दुसरी कसोटी, त्या पक्षाला त्याच्याच नावाने आणि त्याच्याच हेतूंनी उभे करता येईल इतके साहित्य उपलब्ध आहे काय. आणि ते शत्रूच्या लेखणीतूनच आले असेल, तर तसे सांगितले आहे काय. तिसरी कसोटी जिंकण्याच्या अटीची. २००४ च्या खेळातील मोठी मोहीम जिंकावयाची, तर पन्नास प्रांत आणि त्यांत रोम ताब्यात असावे लागे. अशी अट असेल, तर प्रत्येक पक्षाला रोमच व्हावे लागते. ऱ्होड्सला व्यापार आणि स्वातंत्र्य राखून जिंकता आले पाहिजे, कुशला सीमा राखून. अन्यथा यादीत शंभर नावे घातली तरी खेळणारा एकच राहतो, फक्त त्याचा ध्वज बदलतो. आणि चौथी गोष्ट कसोटी नव्हे, कर्तव्य आहे: जे गाळले गेले त्यांना निदान त्यांच्या नावाने नकाशावर राहू द्यावे.

शिक्षकांना यात एक आयती संधी आहे. खेळापासून विद्यार्थ्याला दूर ठेवण्याचा खटाटोप बहुधा फुकट जातो. त्यापेक्षा तो जो खेळ खेळतो, त्याच्या पक्षांची यादी त्याला वर्गात फळ्यावर लिहावयास सांगावी आणि शेजारी अशोकाच्या तेराव्या शिलालेखातील यादी लिहावी. दोन्ही याद्यांत कोण आहे, एकीतच कोण आहे, कोणतेच नाव नसलेले कोण आहेत आणि प्रत्येक यादी कोणत्या गावातून केलेली आहे, हे प्रश्न त्यालाच सोडवू द्यावेत. एका तासिकेत होणारे हे काम आहे. सनावळ्या पाठ करून इतिहासाविषयी जी जाण येत नाही, ती अशा दोन याद्या शेजारी ठेवल्याने येण्याचा संभव अधिक आहे.